कारण नसलेली माणसं

मेडिकलच्या जुन्या इमारतीत, इकोच्या रांगेपलीकडे,
चौदा नंबरच्या खोलीत माझं टेबल.
कूलरमधलं पाणी कालच संपलंय.
माझं काम एवढंच : माणसं निवडायची.

पुरुषाला झटका पंचेचाळिशीच्या आत यायला हवा,
बाईला पंचावन्नच्या.
साखर नको. बिडी नको.
खर्रा तर नकोच नको,
आणि या एका अटीवर
अर्धं नागपूर दारातूनच परत जातं.

"कधीमधी खातो जी, सुपारी म्हणून,"
म्हणाले वामनराव सोनकुसरे, तोंड न उघडता.
मी फुली मारली.
ते रागावले नाहीत. खिशातली पन्नी चाचपली
आणि सुटल्यासारखे उठले.
त्यांना निदान कारण तरी मिळालं.

आम्हाला हवीत ती
ज्यांच्यापाशी कारण नाही.
पहाटे फुटाळ्याला फेऱ्या मारणारी,
बारशाला, तेराव्याला सावजीचा रस्सा
ताटातच पाण्यानं पातळ करणारी,
आणि तरी एका मंगळवारी
चप्पल घालता घालता खाली बसलेली.

एक आला, सेहेचाळीस वर्षं दोन महिने.
"पंचेचाळीस लिहा ना मॅडम,
कोन पाहून राह्यलं?"
"मी पाहून राह्यली," म्हटलं.
दहावीत दोन मार्कांनी गेल्यासारखा गेला.

धडधाकटही लागतात, तुलनेसाठी.
गेटवरच्या ऑटोवाल्याला बोलावलं तर घाबरला :
"माह्यं काय खराब हाय?"
काहीच नाही, म्हणूनच.
तो रक्त देऊन गेला, पण पटलेलं नव्हतं त्याला.

मग देवकाबाई नंदनवार. सोबत तिसरा मुलगा, ताराचंद,
बुबुळाभोवती पांढरट कडं,
बोटांच्या सांध्यांवर चरबीच्या गाठी
ज्या त्यांनी वीस वर्षं
मागावरच्या समजून काढल्या.

मी झाड काढायला घेतलं.
पुरुष चौकोन. बाई गोल.
आजार असेल तर आतून काळा.
गेलेल्यावर तिरकी रेघ.
"थोरला कधी गेला?"
"गोवारी चेंगरले ना,
त्याच्या पुढच्या पोळ्याले."
"आणि मधला?"
"पुलाचं काम चालू होतं तवा."
कोणता पूल, ते विचारून मी साल लिहिलं.
वय छत्तीस. वय एकोणचाळीस.
त्यांचा बाप, चाळीस.
त्या वाकून बघत होत्या.
"रेघ वाकडी काऊन मारतं बाई?
माही पोरं सरळ होती."

डॉक्टर आत आले, कागद उचलला,
म्हणाले, "सुंदर फॅमिली आहे,"
आणि जीभ चावली.

संमतीपत्र मी वाचून दाखवते, कलम नऊसुद्धा :
या संशोधनातून आपणास वैयक्तिक लाभ
होईलच असे नाही.
"मंग कोनाले होईन?"
पुढच्यांना, म्हटलं.
देवकाबाईंनी अंगठा शाईत बुडवला, तसाच धरून ठेवला.
"दरसाली मारबतीच्या मांगं गेली मी.
इडा-पीडा घेऊन जा गे म्हणत
नरडं फाडलं.
रस्त्यावरची नेली असन तिनं.
रक्तातली तिले काय दिसनार!"
मग उमटवला.

जांभळ्या झाकणाच्या दोन नळ्या. बर्फाचा डबा.
रात्रीच्या गाडीनं हैदराबादला.
ताराचंदचं नाव आता एकशे सतरा.

त्याची पोट्टी इतका वेळ वजनकाट्यावर उड्या मारत होती.
अकरा वर्षांची. आली, कागदात डोकावली.
"याच्यात मी कुठी?"
सगळ्यात खालचा गोल दाखवला. रिकामा.
मी नळीला चिठ्ठी लावेपर्यंत
तिनं माझं पेन घेतलं
आणि गोलाला दोन वेण्या काढल्या,
रिबिनीसकट.

खाडाखोड चालत नाही. नवा फॉर्म भरायला हवा होता.
मी तोच घडी घालून
डब्यावर चिकटवला.